नवीन घर बांधतोय, दोन-तीन डिझाइन आवडलीत. त्यातलं एक कसं निवडायचं?

दर्शनी बाजूचं ते रंगीत थ्रीडी चित्र आधी बाजूला ठेवा. त्यात घर छानच दिसणार, त्यासाठीच ते केलेलं असतं. निवड करायची ती नकाशावरून.

प्रत्येक नकाशात आपलं सामान मापात काढून बघा. पलंग, कपाट, फ्रिज, सगळं. कपाटाचं दार पलंगाला आपटतंय का, पलंगाशेजारून चालायला ६०-७० सेंमी तरी उरतात का, हे कागदावरच कळतं. बरेच नकाशे इथेच बाद होतात.

दुमजली असेल तर जिना नीट तपासा, कारण जागा चोरली जाते ती तिथेच. दोन मजल्यांत ३ मीटर अंतर धरलं तर सुमारे १७ सेंमी उंचीचे १८ टप्पे लागतात. पायरीची रुंदी २७ सेंमी धरली की सरळ जिन्याला साडेचार मीटरपेक्षा थोडी जास्तच लांबी हवी. नकाशात तेवढी नसेल तर जिना उभा होणार आणि म्हातारपणी गुडघे बोलणार.

पश्चिमेला मोठ्या काचा असतील तर दुपारनंतर खोली तापते. वरचं बाथरूम खालच्या बाथरूमवरच असेल तर पाइपांची भानगड कमी. रंग, फरशी, ग्रिल यांवर आत्ता वाद घालू नका, ते नंतरही ठरवता येतं.

दोन डिझाइन अगदी बरोबरीची वाटली तर कमी खाचाकोपरे असलेलं घ्या. खर्चही कमी आणि गळतीच्या जागाही.