पिकअपला रेस दिली की खालून 'कूंऽऽ' आवाज येतो, पाय काढला की थांबतो. गॅरेजवाला गेअरबॉक्स खोलायला सांगतोय. खोलू का?

इतक्यात नको. तुम्ही लिहिलंय की आवाज ४०च्या पुढे येतो, माल भरलेला असताना चढावर वाढतो आणि गाडी पाच गेअरची, डिझेल, मागच्या चाकांवर चालणारी आहे. एवढ्यावरून मला तरी मागच्या हाउसिंगचा, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलच्या गोळ्याचा, संशय येतो. पण माझ्या संशयावरही पैसे घालू नका. आधी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास गाडी चालवून आवाजाची जागा शोधा.

गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये रेस वाढवा. तसाच आवाज आला तर तो पुढचा: अल्टरनेटर, पट्टा, त्याच्या पुल्या किंवा पॉवर स्टिअरिंगचा पंप. न्यूट्रलमधला आवाज क्लच पूर्ण दाबल्यावर जात असेल तर गेअरबॉक्सचं इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघा, आणि उलट क्लच दाबल्यावरच सुरू होत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग. टर्बोचा पाइप फुटला असेल तर उभ्या गाडीत सहसा कळत नाही. तिथे लोड आला की शिट्टी वाजते, काळा धूर येतो आणि गाडी ओढत नाही.

आता खरी परीक्षा. ४०चा वेग धरून तिसऱ्या गेअरमध्ये रेस द्या, मग त्याच वेगाला चौथ्यात. इंजिनाचे फेरे बदलतात, पण मागे जाणारा शाफ्ट तेवढ्याच वेगाने फिरत असतो. आवाजाचा सूर दोन्ही वेळा तोच राहिला तर दोष गेअरबॉक्सच्या मागे आहे. अशा पाच गेअरच्या बहुतेक गाड्यांत चौथा गेअर डायरेक्ट असतो, म्हणजे जोर खालच्या काउंटर शाफ्टवरून न जाता सरळ मागे जातो. आवाज बाकीच्या गेअरमध्ये येऊन चौथ्यात नाहीसा होत असेल तर तुमचा गॅरेजवाला बरोबर आहे. चाकाच्या बेअरिंगचा आवाज रेसने नाही, वळण घेताना बदलतो. टायरचा डांबरावरून काँक्रीटवर गेलं की बदलतो.

मी हे इतक्या ठामपणे सांगतोय, कारण माझ्या गाडीला हेच झालं होतं. आळेफाट्यावरून माळशेज उतरून कल्याणला टोमॅटो नेत होतो. हाउसिंगच्या पुढच्या तोंडाचं पिनियन सील (पिनियन म्हणजे शाफ्टचा जोर हाउसिंगमध्ये नेणारा छोटा गेअर) गळायला लागलं म्हणून एका गॅरेजात बदलून घेतलं, आणि महिन्याभरात हाच आवाज सुरू झाला. भेटेल तो गेअरबॉक्स म्हणायचा. तिसऱ्या-चौथ्याची परीक्षा केली तर सूर हलेना. शेवटी एका जुन्या मिस्त्रींनी हाउसिंग खोललं. सील बसवताना पिनियनचा नट हवेच्या गनने वाट्टेल तसा आवळला होता. अनेक गाड्यांत त्या नटामागे एक दबणारी नळी असते. ती ठराविक दाबली गेली की दोन्ही बेअरिंगांवर योग्य ताण बसतो. जास्त दाबली गेली की बेअरिंग आवळून फिरतं, तापतं आणि झिजतं. मग पिनियनला प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो, रेस दिली की ते जागचं सरकतं आणि क्राउनचे, म्हणजे पिनियन फिरवतं त्या मोठ्या गेअरचे, दात चुकीच्या जागी घासू लागतात. माझी बेअरिंगं तापून निळी पडली होती, क्राउन-पिनियन मात्र वाचलं. दोन बेअरिंगं, नवी नळी, नवा नट आणि नवं ऑइल घातलं, आवाज गेला.

म्हणून पहिला प्रश्न तुम्हालाच: हे सील कधी बदललं होतं का? नसेल तर शाफ्ट हाउसिंगला जोडतो त्या फ्लँजजवळ ओल दिसते का पाहा. ऑइल तपासताना गाडी सपाटीवर घ्या आणि आधी भरायचा प्लग सोडवा. तोच निघाला नाही आणि खालचा आधी काढून ठेवला असेल तर गाडी जागेवर अडकेल. बोट घालून ऑइल भोकाच्या काठापर्यंत लागलं पाहिजे. हाउसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) चिखलाने बुजला असेल तर आत दाब वाढून सील पुन्हा गळतं, तो साफ करा. प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप असणं चालतं, चकचकीत पापुद्रे किंवा तुकडे असतील तर खोलावंच लागेल. ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच घाला. आवाज दाबायला जाड ऑइल ओतायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, झीज आत चालूच राहते.

क्राउन-पिनियनचे दातच गेले असतील तर दोन्ही जोडीनेच बदला. ते कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, एक नवं आणि एक जुनं घातलं की पुन्हा तोच आवाज. बसवताना डायल गेजने दातांमधला प्ले मोजायला आणि दातांना रंग लावून घासाची जागा बघायला सांगा, आणि तेव्हा तिथे उभे राहा. जॅकवर चढवून चाकं फिरवली आणि आवाज आला नाही, एवढ्यावर काम झालं असं मानू नका. तिथे लोड नसतो.

तोवर भरलेली गाडी घाटात घालू नका. पिनियनचं बेअरिंग जाम झालं तर मागची चाकं चालत्या गाडीत अडकू शकतात. रिकामी न्यावीच लागली तर वीसेक किलोमीटरनंतर थांबून हाउसिंगच्या पुढच्या तोंडाशी हात नेऊन बघा. हात ठेववत नसेल तर पुढे चालवू नका, टो करून न्या.