वैद्यकीय संशोधनात अलीकडे खरंच काही मोठं घडलंय का, की नुसत्या बातम्याच?

घडलंय, बरंच घडलंय. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की रोज एक चमत्कार छापून येतो, काही महिन्यांनी त्याचं नावही ऐकू येत नाही, मग हे संशोधक आपल्याला उल्लू बनवतात का? या शेवटच्या वाक्याने माझं डोकं तापलं, म्हणून लिहायला बसले. मी एका रुग्णालयात क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे रुग्णांवर होणाऱ्या औषधांच्या चाचण्यांची, कोऑर्डिनेटर आहे. कन्सेंट फॉर्म समजावून सांगायचा, भेटींच्या तारखा सांभाळायच्या, रुग्णाने परत आणलेल्या डबीतल्या उरलेल्या गोळ्या मोजायच्या, आणि भरलेला प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून बघायचा, हे माझं काम.

आधी विचारलंय त्याचं उत्तर. 2023 च्या शेवटी कॅसजेव्ही हा क्रिस्पर या जनुकं कापून बदलायच्या तंत्रावरचा पहिला उपचार सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी आधी ब्रिटनने आणि मग अमेरिकेने मंजूर केला. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून त्यांच्या जनुकात फेरफार करतात आणि परत त्याच्याच शरीरात सोडतात. मधल्या काळात जबर केमोथेरपी सोसावी लागते, ते मथळ्यात नसतं. 2024 मध्ये लेनाकापाविरचा निकाल आला. हे एचआयव्ही टाळण्यासाठी सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या 2,134 तरुण मुली-स्त्रियांना ते दिलं, आणि त्यांतल्या एकीलाही एचआयव्हीची लागण झाली नाही. टेबलात असा शून्य दिसला की आमच्या धंद्यातली माणसं आधी डोळे चोळतात.

2022 मध्ये डोस्टार्लिमॅब या औषधाची बातमी ‘कॅन्सर शंभर टक्के बरा’ म्हणून फिरली होती. रुग्ण बारा होते आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली, इथपर्यंत खरं. पण ते सगळे गुदाशयाच्या कर्करोगाचे होते, आणि सगळ्यांच्या गाठीत डीएनएच्या दुरुस्तीतला एक ठरावीक बिघाड होता. या कर्करोगाच्या शंभरातल्या पाच-दहा जणांतच तो सापडतो. ती बातमी मोबाइलवर दाखवत भलत्याच अवयवांच्या कॅन्सरचे नातेवाईक आमच्या ओपीडीत आले होते. त्यांना ‘हे तुमच्यासाठी नाही’ सांगायला बातमी लिहिणारा येत नाही, आम्हालाच सांगावं लागतं.

आता माझं स्वतःचं दुखणं. सासऱ्यांना अल्झायमर होता. 2022 संपता संपता लेकॅनेमॅबचे निकाल आले आणि थोरल्या भाऊजींनी घरच्या ग्रुपवर बातमी टाकली, अल्झायमर 27 टक्क्यांनी रोखणारं औषध आलं. खाली मला उद्देशून, ‘तू याच लाइनमध्ये आहेस ना? बाबांसाठी सोय कर.’

त्या रात्री मूळ पेपर वाचून काढला. एकूण 1,795 रुग्ण, निम्म्यांना औषध, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं, दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून, 18 महिने. मोजमापाची पट्टी 18 गुणांची. स्मरण, स्थळकाळाचं भान, निर्णय घेणं, बाहेरचे व्यवहार, घरातली कामं आणि छंद, स्वतःची निगा, असे सहा कप्पे, प्रत्येकाला शून्य ते तीन. जितके गुण जास्त तितकी अवस्था वाईट. रुग्णाशी आणि त्याचं करणाऱ्या माणसाशी बोलून ते गुण देतात. 18 महिन्यांत प्लासिबोवाले सरासरी 1.66 ने घसरले आणि औषधवाले 1.21 ने. फरक 0.45. त्याला 1.66 ने भागलं की 27 टक्के येतात. गणित चोख आहे, पण रोखलं काहीच गेलं नाही. घसरले दोघेही, एक गट किंचित हळू. त्या पट्टीवर एका कप्प्यात माणूस कमीत कमी अर्ध्या गुणाने सरकतो. म्हणजे सरासरी फरक त्या सर्वांत लहान पायरीपेक्षाही लहान.

शिवाय चाचणीत घेतलेली माणसं आजाराच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातली होती. बाबा तोवर शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात घालून तसेच बसून राहायचे. संध्याकाळ झाली की पायांत चपला सरकवून दाराशी उभे, ‘घरी जायचंय.’ घरातच असायचे. त्यांच्यासारख्यांवर हे औषध तपासलेलंच नव्हतं. त्यात हृदयाचे ठोके अनियमित म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू. या औषधाने चाचणीत 12.6 टक्के लोकांच्या मेंदूत सूज दिसली, प्लासिबोत 1.7 टक्के. मेंदूतल्या बारीक रक्तस्रावाच्या खुणा 17.3 टक्क्यांत, तिकडे 9. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवरच्या माणसाला ते देऊ नये असंच बहुतेक तज्ज्ञ म्हणतात.

हे सगळं मी भाऊजींना फोनवर सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हणजे तुला करायचं नाहीये.’

न्यूरोलॉजिस्टनेही तेच सांगितलं होतं. पण डॉक्टरवर राग धरून ठेवता येत नाही, सुनेवर येतो. बाबा गेले. आजही चार माणसं जमली की भाऊजी हळूच म्हणतात, औषध होतं हो, पण आमच्याकडे जाणकार माणूस घरातच. मी तेव्हा योग्य तेच सांगितलं आणि उद्या विचारलं तरी तेच सांगेन.

त्यामुळे कुणी ‘इतके टक्के’ म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कशाचे? वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडचंच घ्या. 2023 च्या सिलेक्ट चाचणीत हृदयाचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे सगळं मिळून 20 टक्क्यांनी घटलं. प्रत्यक्षात प्लासिबो गटात 8 टक्के लोकांना यातलं काही झालं, औषध घेणाऱ्यांत 6.5. म्हणजे साधारण 40 महिन्यांत शंभरातल्या दीड माणसाचं टळलं. 17,604 लोकांवरचा चांगला, भक्कम निकाल आहे, मी नाक मुरडत नाहीये. पण त्रास झाला म्हणून औषध सोडणारे 16.6 टक्के होते आणि प्लासिबोत 8.2, हा आकडा तुम्ही कुठल्या मथळ्यात पाहिलात?

भाऊजींचं दुसरं आवडतं वाक्य, ‘आज घ्या म्हणतात, उद्या बंद करा म्हणतात, यांचं यांनाच कळत नाही.’ तुमच्या प्रश्नातही तोच सूर आहे. माझं मत याच्या अगदी उलटं. ‘याचा उपयोग नाही’ हे सिद्ध करणारं संशोधन सगळ्यात मोलाचं, आणि ते कुणी फॉरवर्ड करत नाही. झटक्यानंतर हृदयाचे जादा ठोके पडले की मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून ते ठोके दाबणाऱ्या गोळ्या डॉक्टर वर्षानुवर्षं विश्वासाने देत होते. ठोके दबायचेही, ईसीजी सुंदर दिसायचा. मग कास्ट ही चाचणी झाली. तिचे सविस्तर आकडे 1991 मध्ये छापून आले. गोळी घेणाऱ्या 755 जणांत 63 मृत्यू, प्लासिबोच्या 743 जणांत 26. प्लासिबोचा गट नसता तर ती माणसं त्यांच्या आजारानेच गेली असं सगळ्यांनी मानलं असतं. कोविडमध्येही तेच. 2020 च्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू 41.4 टक्क्यांवरून 29.3 वर आणले. जुनंपुराणं स्टिरॉइड. पण ऑक्सिजनची गरजच नसलेल्यांना फायदा दिसला नाही, उलट आकडे नुकसानीकडे झुकलेले होते. कोविडवर म्हणून गाजलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या गोळीलाही त्याच चाचणीने घरी बसवलं.

उल्लू बनवण्याचं म्हणाल तर एक आजी सांगते. माझ्याकडे एका चाचणीत होत्या, दर भेटीला डबी पुढे करून दबक्या आवाजात विचारायच्या, ‘बाई, माझी खरी की खोटी?’ मी म्हणायचे, मलाही माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही, कुणाला औषध आणि कुणाला प्लासिबो ते आमच्यापासूनही लपवलेलं असतं. त्यांना ते कधी पटलं नाही, पण एक भेट चुकवली नाही त्यांनी. एकदा जिन्यात पडून पाय मोडला आणि दाखल व्हावं लागलं. गोळीचा त्याच्याशी संबंध असो-नसो, दाखल झाल्या म्हणजे तो गंभीर प्रसंग. चोवीस तासांत कळवायचा असतो, मी कळवला. अशा हजारो आजींच्या डब्या मोजून एक टक्केवारी तयार होते. ती वाचून कुणी ‘सगळे चोर’ म्हटलं की माझं टाळकं सरकतं.

सगळे साव आहेत असंही नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेल्या नैराश्यावरच्या औषधांच्या 74 चाचण्यांचा हिशेब 2008 मध्ये कुणीतरी मांडला. अनुकूल निकालाच्या 38 पैकी 37 छापून आल्या होत्या. उरलेल्या 36 पैकी 22 छापल्याच गेल्या नाहीत आणि 11 अशा लिहिल्या होत्या की वाचणाऱ्याला औषध चाललं असंच वाटावं. अशी लपवाछपवी होते म्हणूनच चाचणी सुरू होण्याआधी तिची जाहीर नोंद मागतात. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या संकेतस्थळावर ती कुणालाही बघता येते. काय मोजणार असं आधी लिहिलं होतं आणि शेवटी काय मोजून दाखवलं, एवढं ताडून बघायला डॉक्टर असावं लागत नाही.

लेकॅनेमॅब टाकाऊ आहे असं मी म्हटलेलं नाही. आजाराची सुरुवात असेल, तपासणीत अमायलॉइड, म्हणजे या आजारात मेंदूत साचणारं प्रथिन, सापडलं असेल, पुन्हा पुन्हा एमआरआय करायची तयारी असेल आणि काही महिन्यांची सवडही मोलाची वाटत असेल, तर न्यूरोलॉजिस्टशी जरूर बोला. आमच्या बाबांचं यातलं काहीच नव्हतं, भाऊजी.

आणखी एक, कारण ‘आज घ्या, उद्या बंद करा’ म्हटलं की लोक अ‍ॅस्पिरिनवर येतात. 2018 च्या आस्प्री चाचणीत 19,114 वयस्कर माणसं होती; प्लासिबोच्या तुलनेत रोजच्या 100 मिलिग्रॅमचा फायदा दिसला नाही, मोठे रक्तस्राव मात्र 2.8 टक्क्यांवरून 3.8 वर गेले. पण ती सगळी हृदयविकार किंवा पक्षाघात न झालेली माणसं होती. ज्यांना स्टेंट बसवलाय किंवा झटका येऊन गेलाय, त्यांनी हे वाचून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये.