दहावीच्या निकालामागची शाळा

मुलासाठी शाळा निवडताना, दहावीचा शंभर टक्के निकाल लावणारी शाळा चांगलीच असते, असे गृहीत धरू नये. नववीच्या पटावर किती मुले होती आणि त्यांतली किती त्याच शाळेतून नागपूर विभागीय मंडळाच्या परीक्षेला बसली, हे आधी विचारावे. कारण कच्च्या मुलांच्या हाती नववीतच दाखला देऊन किंवा त्यांना सतरा नंबरचा, म्हणजे शाळेबाहेरून खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा, अर्ज भरायला लावून निकाल उजळवता येतो. गणित-विज्ञानाचे शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर, हे कार्यालयापेक्षा मुलेच नेमके सांगतात. आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्याखाली) प्रवेश असल्यास शुल्कमाफी आठवीपर्यंतच असते, तेव्हा नववीचे शुल्क किती, हे लेखी मागून घ्यावे. आणि हो, विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात, तेव्हा वरच्या मजल्यावरचे पंखे आणि पिण्याचे पाणी भर दुपारी जाऊन पाहावे.