पैसे खर्चून बसवलेलं, आता काढा कसं म्हणू?

"मुलाने कर्ज काढून ऑपरेशन केलं हो माझं. आता तेच काढून टाका, असं कुठल्या तोंडाने सांगू?"

स्तनाच्या कर्करोगानंतर इम्प्लांट, म्हणजे काढलेल्या स्तनाच्या जागी कृत्रिम उभार, बसवलेल्या बायका थोड्याफार फरकाने मला हेच विचारतात. वासंतीताईंचा (नाव बदललं आहे) डावा स्तन काढला, त्याच वेळी सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं आणि नंतर रेडिएशन झालं. दोन वर्षांत ती बाजू कडक होऊन वर ओढली गेली. "छातीत उलटी वाटी पुरल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. पोळ्या लाटताना काखेपर्यंत ओढ बसायची.

पहिल्या भेटीत मी चुकले. स्त्रीत्व, आरशातलं रूप असलं काहीबाही बोलत राहिले. त्यांनी निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दिसण्याचं राहू द्या. पदर डाव्या बाजूनेच येतो, कुणाला काय कळतंय! मला कुशीवर झोपायचंय."

शरीरात बाहेरची वस्तू बसवली की तिच्याभोवती व्रणासारखं आवरण तयार होतं. ते पेसमेकरभोवतीही होतं. काहींमध्ये मात्र ते जाड होऊन आवळत जातं आणि रेडिएशन झालेल्यांना हा धोका जास्त असतो. डॉक्टर या आवळण्याच्या चार पायऱ्या मानतात. वासंतीताई चौथ्या पायरीवर होत्या, म्हणजे टणक आणि दुखरी. इतकं घट्ट झालेलं आवरण तेल चोळून सुटत नाही.

"काढलं तर कॅन्सर परत येईल का?" ही भीती त्यांनी तिसऱ्या भेटीत बोलून दाखवली. इम्प्लांट हा कर्करोगावरचा उपचार नसतो. ते काढल्याने आजार परतत नाही. पण नवं दुखणं, गाठ किंवा अचानक आलेली सूज आधी तपासूनच घ्यायची. 2019 मध्ये खरखरीत पृष्ठभागाची काही इम्प्लांट्स जगभरातून मागे घेतली गेली, ती त्यांच्याशी जोडलेल्या एका दुर्मिळ लिम्फोमामुळे, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या कर्करोगामुळे. वासंतीताईंची सोनोग्राफी आणि एमआरआय झाली. तसं काही निघालं नाही.

मग कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आम्ही सर्जनना विचारायचे प्रश्न लिहिले. आवरण पूर्ण काढणार की बरगड्यांना चिकटलेला भाग ठेवणार? पोटाची किंवा पाठीची त्वचा-चरबी वापरून पुन्हा स्तन करता येतो, तो त्यांना नको होता. मग उरलेल्या कातडीचं काय? हा प्रश्न मी ठळक लिहायला लावला. पुढेमागे बाईचं मन बदलेल म्हणून काही सर्जन जादा कातडी तशीच ठेवतात आणि ती लोंबत राहते. छाती सपाट, नीट शिवून हवी असेल तर ते आधीच स्पष्ट सांगावं लागतं.

मुलाला त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नळी किती दिवस राहते? रजा टाकावी लागेल."

इम्प्लांट काढलं. जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी निघाल्यावर पुन्हा पाणी साचलं, ते दोनदा सुईने काढलं. जखम पूर्ण भरली आणि सर्जननी होकार दिला, तेव्हाच व्रणाचा मसाज सुरू झाला. तो चोळायचा नसतो. बोटांचे पेर टेकवून कातडी खालच्या थरावर हळूहळू सरकवायची, आणि रेडिएशन झालेली कातडी नाजूक असते म्हणून जोर बेताचा. शेजारणीने गरम पाण्याची पिशवी सुचवली होती. ती मी कडक शब्दांत बंद करायला लावली. तिथली कातडी बधिर असते, भाजलं तरी कळत नाही.

दुखणं सगळं गेलं का? नाही. अधूनमधून काखेत चमक येते, ती नसांची. सैल ब्लाउजमध्ये त्या सुती कापडाचा हलका उभार घालतात, तोही फक्त लग्नकार्याला.

परवा फोन आला. डाव्या कुशीवर झोप लागते, पण फळीवरचा तांदळाचा डबा अजून काढता येत नाही. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम कधी बंद केलात, विचारलं. "दिवाळीत," म्हणाल्या. सोमवारची फिजिओथेरपीची वेळ घेऊन दिली.