चर्चेचा तास संपतो, वही मात्र कोरीच

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. या सत्रात मी ‘तंत्रज्ञान आणि समाज’ हा ऐच्छिक विषय घेतला आहे. त्यात व्याख्याने नाहीत. दर आठवड्याला नेमून दिलेला मजकूर वाचून यायचे आणि दोन तास गोल बसून त्यावर बोलायचे. कधी कधी वर्गात कोणी असे काही बोलून जाते की ते वाक्य दिवसभर डोक्यातून जात नाही. उष्मागतिकीच्या तासाला असे कधी झालेले नाही. पण बहुतेक वेळा माझी वही कोरीच राहते. तेच चार जण बोलतात, त्यांतल्या काहींनी वाचलेलेही नसते, आणि कोणाचे म्हणणे बरोबर होते हे प्राध्यापक अखेरपर्यंत सांगत नाहीत. गणित चुकले तर कुठे चुकले हे मला शोधता येते. येथे चूक म्हणजे काय हेच कळत नाही. त्यात सहभागाला 30 टक्के गुण आहेत. विषय सोडावासा वाटतो आणि सोडवतही नाही. काय करावे?

उत्तर : तुमच्या तक्रारीचा काही भाग मला पूर्ण मान्य आहे. वाचून आलेल्याने गप्प बसावे आणि न वाचता आलेल्याने बोलत राहावे, असे होत असेल तर ते थांबवणे हे प्राध्यापकांचे काम आहे. गुण किती वेळा बोललात याला आहेत, की दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेण्याला, हेही सत्राच्या आरंभीच स्पष्ट व्हायला हवे होते. त्यांना भेटून तसे विचारा. त्यात उद्धटपणा नाही.

चुकीबद्दल तुम्ही जे लिहिले आहे, ते मात्र मला पटत नाही. 27 जानेवारी 1986 च्या संध्याकाळी चॅलेंजर यानाच्या उड्डाणावर दूरध्वनीवरून झालेली चर्चा पाहा. एका बाजूला बूस्टर, म्हणजे यानाला वर ढकलणारी रॉकेटे, बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे अभियंते होते, दुसऱ्या बाजूला नासाचे अधिकारी. कडाक्याच्या थंडीत बूस्टरच्या सांध्यांतील रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, नीट काम करणार नाहीत अशी अभियंत्यांना भीती होती, आणि 53 अंश फॅरनहाइटच्या खाली उड्डाण करू नये अशी शिफारस त्यांनी केली. पुरावा पुरेसा नाही, असा आक्षेप आला. अखेर कंपनीच्या व्यवस्थापनाने आपलीच शिफारस फिरवली आणि दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर 73 सेकंदांनी यान नष्ट होऊन सातही अंतराळवीर दगावले.

पुढे चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने एक गोष्ट दाखवून दिली. ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती, केवळ तीच पाहिली तर इजा थंड दिवशीही दिसत होती आणि उबदार दिवशीही, त्यामुळे तापमानाशी तिचा संबंध उघड होत नव्हता. काहीच न बिघडलेली उड्डाणेही मोजणीत घेतली, की चित्र पालटत होते: 66 अंश किंवा त्याहून अधिक तापमानाच्या 20 उड्डाणांपैकी फक्त 3 मध्ये इजा, आणि 63 अंश किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत इजा. यात दोष अभियंत्यांवर ढकलण्याचा माझा हेतू नाही. धोका त्यांनीच ओळखला होता आणि निर्णय त्यांच्या हाती राहिला नव्हता. पण ‘ज्या उड्डाणांत काहीच झाले नाही, त्यांचे काय?’ हा प्रश्न त्या चर्चेत कोणीतरी लावून धरायला हवा होता.

उष्मागतिकीच्या प्रश्नपत्रिकेत कोणती माहिती विचारात घ्यायची हे आधीच ठरवून दिलेले असते. तुमच्या गोल बसलेल्या वर्गात ते ठरवून दिलेले नाही, आणि तेथे चूक होते ती याच ठिकाणी: पुरावा अर्धाच पाहिला जातो, समोरच्याचे म्हणणे मूळ होते त्याहून दुबळे करून खोडले जाते, ‘परवडत नाही’ असे म्हणताना कोणाला परवडत नाही हे सांगायचे राहून जाते. अशा चुकाही गणितातल्या चुकांइतक्याच शोधता येतात. वाचलेल्या मजकुराच्या कोणत्या ओळीवर विधान उभे आहे असे विचारा, की पुष्कळ वक्ते अडखळतील, आणि न वाचता बोलणाऱ्यांना तर तेथेच थांबावे लागेल.

वही कोरी राहिली म्हणजे काही शिकलो नाही, ही समजूतही तपासून पाहा. हार्वर्ड विद्यापीठात प्राथमिक भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. गटात झटून उदाहरणे सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना, उत्तम व्याख्यान ऐकणाऱ्यांच्या तुलनेत, आपण कमी शिकलो असे वाटले. चाचणीत मात्र त्यांनीच अधिक गुण मिळवले. तो वर्ग भौतिकशास्त्राचा होता आणि तेथे उत्तरे ठरलेली होती, म्हणून तो तुमच्या विषयाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही शिकल्याची भावना आणि प्रत्यक्ष शिकणे यांत अंतर पडू शकते, एवढे त्यावरून नक्की दिसते.

वर्गात जाण्यापूर्वी त्या दिवसाच्या प्रश्नावर स्वतःचे मत पाच ओळींत लिहा आणि कोणती गोष्ट कळली तर हे मत बदलेल, तेही खाली नोंदवा. तास संपल्यावर त्याच पानावर, कोणाच्या बोलण्याने कोणती ओळ खोडावी लागली, ते लिहून ठेवा. दिवसभर डोक्यात राहणारी ती वाक्ये येथेच उतरवावीत. विषय सोडण्याची मुदत उरली असेल, तर आधी तीन आठवडे असे करून पाहा. एकही ओळ खोडावी लागली नाही आणि प्राध्यापकांशी बोलूनही वर्ग त्या चौघांचाच राहिला, तर विषय खुशाल सोडा.