वाचकांचे प्रश्न : नरक नेमका कोठे आहे?

प्रश्न : आमच्या मंडळीतील (चर्चमधील) एका बांधवांनी व्हॉट्सअॅपवर एक ध्वनिफीत पाठवली. रशियन शास्त्रज्ञांनी सायबेरियात चौदा किलोमीटर खोल छिद्र पाडले, त्यात ध्वनिग्राहक सोडला आणि त्यांना असंख्य माणसांच्या किंकाळ्या ऐकू आल्या, असे तीत सांगितले आहे. संडे स्कूलमध्ये ती मुलांनाही ऐकवली गेली आणि काही मुले रात्री झोपेनाशी झाली आहेत. नरक पृथ्वीच्या पोटात आहे असे पवित्र शास्त्र खरोखरच सांगते काय? तेथील अग्नी खरा आहे काय आणि तो कधीच विझणार नाही काय?
– एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : ती ध्वनिफीत खोटी आहे आणि मुलांना ती पुन्हा ऐकवू नये, ही विनंती मी सर्वांत आधी करतो. ही कथा १९८९ च्या सुमारास पसरली. अमेरिकेतील एका मोठ्या ख्रिस्ती दूरचित्रवाणी वाहिनीने ती कोणतीही शहानिशा न करता प्रसारित केली. त्या वाहिनीचे लोक काही पडताळून पाहतात की नाही हे बघण्यासाठी एका नॉर्वेजियन शिक्षकाने तीत पदरचे आणखी तपशील घातले, तर तेही जसेच्या तसे पुढे सांगितले गेले. कथेला आधार मिळाला तो एका खऱ्या विवराचा. ते सायबेरियात नसून रशियाच्या वायव्येला, नॉर्वेच्या सीमेजवळ, कोला द्वीपकल्पावर आहे. खडकांच्या अभ्यासासाठी १९७० मध्ये त्याचे खोदकाम सुरू झाले आणि १९८९ मध्ये ते १२,२६२ मीटर खोलीपर्यंत पोहोचले. तेथे तापमान सुमारे १८० अंश सेल्सिअस निघाले, अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक. खडक मऊ पडू लागले आणि पुढे खोदणे अशक्य झाले. त्या विवराचे तोंड जेमतेम २३ सेंटिमीटर रुंद आहे आणि आज त्यावर बोल्टांनी आवळलेले गंजके लोखंडी झाकण आहे. देवाच्या न्यायाविषयी बोलताना असत्याचा आधार घेणे हे मला अतिशय गंभीर वाटते, कारण हीच मुले मोठी होऊन ती कथा खोटी असल्याचे जाणतील तेव्हा तिच्याबरोबर शिकवलेली सुवार्ताही त्यांना तशीच वाटू लागेल.

आता शास्त्राकडे वळू. जुन्या करारात ‘खाली’ असलेला अधोलोक वारंवार येतो, आणि गणना १६ मध्ये मोशेविरुद्ध बंड करणाऱ्या कोरहाचे लोक जमीन दुभंगून जिवंतपणी त्यात उतरल्याचे वर्णन आहे. परंतु हा अधोलोक मृतांचे सर्वसामान्य स्थान आहे. योसेफ मेला असे समजून याकोब शोक करतो, तेव्हा आपणही मुलाकडे अधोलोकात उतरून जाऊ असे म्हणतो. याकोब स्वतःला नरकात जाणारा समजत नव्हता, हे उघड आहे. स्तोत्र १३९ चा कवी तर अधोलोकात अंथरूण केले तरी तेथेही देव आहे असे म्हणतो. कबरीत खाली पुरले जाणाऱ्यांची वस्ती खाली असणार, ही त्या काळाची साधी समजूत होती आणि इस्राएलाच्या शेजारच्या राष्ट्रांतही ती होती.

प्रभू येशू ज्याला नरक म्हणतो त्याचे मूळ नाव ‘गेहेन्ना’ (म्हणजे हिन्नोमाचे खोरे) मात्र एका खऱ्या, नकाशावर बोट ठेवता येईल अशा जागेवरून आलेले आहे. यरुशलेमेच्या जुन्या शहराच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला हिन्नोमाचे खोरे आहे. तेथे तोफेत नावाच्या ठिकाणी मोलख या दैवतासाठी लेकरांना अग्नीत अर्पण केले जात असे; आहाज आणि मनश्शे या राजांनी आपली स्वतःची मुले दिली. योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून टाकली, जेणेकरून पुन्हा कोणी तेथे आपल्या मुलाला किंवा मुलीला होमू नये (२ राजे २३:१०). यिर्मया संदेष्ट्याने त्याच खोऱ्यात उभे राहून, यापुढे याला वधाचे खोरे म्हणतील, असे बजावले. येशूच्या श्रोत्यांना हे नाव ऐकताच एक ठिकाण आठवत होते आणि तेथे काय घडले तेही आठवत होते. देव ज्या गोष्टीचा न्याय करतो ती किती भयंकर असते, याचे यापेक्षा स्पष्ट चित्र त्यांच्यासमोर ठेवता आले नसते, असे मला वाटते.

या खोऱ्यात शहराचा कचरा अहोरात्र जळत असे, म्हणून ते नरकाचे चित्र झाले, असे अनेक प्रवचनांत सांगितले जाते. त्याला प्राचीन पुरावा मिळत नाही. हा उल्लेख प्रथम आढळतो तो दावीद किम्ही या यहुदी भाष्यकाराकडे, आणि तो इ. स. १२०० च्या सुमाराचा, म्हणजे येशूनंतर जवळजवळ बाराशे वर्षांनी. न विझणारा अग्नी आणि न मरणारा किडा हे शब्द यशयाच्या ग्रंथाच्या शेवटच्या वचनातून आले आहेत, उकिरड्यावरून नव्हेत. याच खोऱ्याच्या उतारावरील एका प्राचीन कबरीत १९७९ मध्ये पुरातत्त्वज्ञ गाब्रिएल बार्काय यांना चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या. त्यांतील मोठी उलगडल्यावर सुमारे दहा सेंटिमीटर लांब भरली; पत्रा इतका ठिसूळ होता की या गुंडाळ्या उलगडण्यातच काही वर्षे गेली. त्यांवर गणना ६ मधील ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो’ हा आशीर्वाद कोरलेला आहे, आणि पवित्र शास्त्रातील वचनांचे आज उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने लेखन मानले जाते. आपल्या प्रश्नाशी याचा संबंध दूरचा आहे, तरी हिन्नोमाचे नाव निघाले की हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

मग नरक आज कोठे आहे? मंडळीच्या थोर शिक्षकांनी या प्रश्नावर बराच संयम पाळला. चौथ्या शतकातील योहान ख्रिसोस्तम याने रोमकरांस पत्रावरील प्रवचनात, तो कोठे आहे हे शोधू नका, त्यातून कसे सुटावे हे शोधा, असे सांगितले. तो अग्नी कसा आहे आणि विश्वाच्या कोणत्या भागात आहे हे आत्म्याने प्रकट केल्याखेरीज कोणालाही ठाऊक नाही, असे पाचव्या शतकातील धर्मपंडित ऑगस्टीन म्हणतो. अर्थात उतारवयात त्याचा कल पृथ्वीखालच्या नरकाकडे झुकला होता. पोप पहिले ग्रेगरी यांनीही ठाम निर्णय दिला नाही. पण त्यांच्याच लेखनात, ५२६ मध्ये मरण पावलेल्या थिओडोरिक या गॉथ राजाला इटलीतील लिपारी बेटाशेजारच्या ज्वालामुखीत टाकले जाताना एका तपस्व्याने पाहिले, अशी कथा आहे. मध्ययुगात तर आइसलँडमधील हेक्ला पर्वत नरकाचे दार समजला जात असे.

लोकांच्या मनात आज जो नरक आहे तो बराचसा इटालियन कवी दान्ते याने चौदाव्या शतकात रचलेला आहे. त्याच्या काव्यात यरुशलेमेच्या खाली पृथ्वीच्या केंद्रापर्यंत उतरत जाणारी नऊ वर्तुळे आहेत आणि अगदी तळाशी अग्नी नसून गोठलेले सरोवर आहे. १५८८ मध्ये तरुण गॅलिलिओने फ्लॉरेन्समध्ये या नरकाची मापे गणिताने मांडणारी दोन व्याख्याने दिली. टोबायस स्विंडेन या इंग्लिश धर्मगुरूने १७१४ मध्ये, पृथ्वीच्या पोटात इतक्या लोकांना जागा पुरणार नाही आणि तेथे अग्नी टिकणार नाही, म्हणून नरक सूर्यात असला पाहिजे, असे प्रतिपादन केले. ही सर्व माणसे प्रामाणिक होती; परंतु प्रत्येकाने आपल्या काळातील भूगोल वा खगोल घेऊन त्यात नरकाला जागा शोधली, आणि तो भूगोल बदलल्यावर त्यांचे उत्तर मागे पडले. कोणत्याही मोठ्या मंडळीच्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत घोषणेत, नरकाचे ठिकाण सांगितलेले नाही. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथानुसार नरक म्हणजे देवाच्या सहवासातून स्वतःला कायमचे वगळून घेण्याची अवस्था होय, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी जुलै १९९९ मध्ये जाहीर शिकवणीत, नरक हे स्थळ असण्यापेक्षा देवापासून स्वेच्छेने कायमचे तुटलेल्यांची स्थिती आहे, असे स्पष्ट केले.

अग्नीविषयी मतभेद आहेत आणि ते झाकून ठेवणे योग्य नाही. येशूने नरकासाठी अग्नी आणि बाहेरील अंधार अशी दोन्ही चित्रे वापरली. अक्षरशः घेतली तर ती एकत्र बसत नाहीत, आणि म्हणून सोळाव्या शतकातील कॅल्व्हिनसारख्या कडव्या प्रोटेस्टंट सुधारकानेही ही शारीरिक चित्रे वर्णन न करता येणाऱ्या दुःखाची चिन्हे मानली. शिक्षेच्या काळाविषयीचा वाद अधिक खोल आहे. बहुतेक मंडळ्या ती अनंत मानतात. मत्तय २५:४६ मध्ये जीवन आणि शिक्षा या दोहोंनाही ‘सार्वकालिक’ म्हटले आहे, तेव्हा एक संपणारी आणि दुसरे न संपणारे असे कसे म्हणता येईल, हा ऑगस्टीनचा युक्तिवाद आजही वजनदार आहे. दुसरे मत असे की दुष्टांचा शेवटी नाश होतो. मत्तय १०:२८ मध्ये आत्मा व शरीर या दोहोंचा नरकात नाश करण्यास समर्थ असलेल्या देवाचे भय धरा असे म्हटले आहे. पुण्यात ज्यांचे स्पायसर विद्यापीठ आहे ती सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी हेच शिकवते, आणि जॉन स्टॉट या इव्हँजेलिकल पंथाच्या अत्यंत मान्यवर धर्मगुरूंनी १९८८ मध्ये आपला कल याच बाजूला असल्याचे सावधपणे नमूद केले. तिसरे मत तिसऱ्या शतकातील धर्मपंडित ओरिगेन याचे, की शेवटी सर्व सृष्टी देवाकडे परतेल. सहाव्या शतकात मंडळीने त्याच्या मतांचा निषेध केला, तरी ती आशा पूर्णपणे मावळली नाही. मुंबईत १८३१ मध्ये जन्मलेले अँग्लिकन धर्मगुरू फ्रेडरिक फॅरार यांनी नोव्हेंबर १८७७ मध्ये वेस्टमिन्स्टर अॅबीत यावर प्रवचने दिली तेव्हा इंग्लंडमध्ये मोठी खळबळ उडाली. बहुतेक माणसांचे भवितव्य मरणाच्या क्षणी कायमचे ठरून अनंत यातनांत संपते, हे मानायला त्यांनी नकार दिला होता.

माझे स्वतःचे मत विचारल्यास, देवाला नाकारण्याची शक्ती माणसाला खरोखरच दिलेली आहे आणि म्हणून नरक ही खरी शक्यता आहे, असे मी मानतो. परंतु त्याच मत्तय २५ मध्ये एक गोष्ट आपण घाईने ओलांडतो. राज्य माणसांसाठी जगाच्या स्थापनेपासून सिद्ध केलेले आहे. अग्नी सिद्ध केला आहे तो सैतान व त्याचे दूत यांच्यासाठी. आणि डावीकडच्यांवर ठेवलेला आरोप भुकेल्याला अन्न न दिल्याचा, परक्याला घरात न घेतल्याचा, बंदिवानाची विचारपूस न केल्याचा आहे. संडे स्कूलमध्ये नरक शिकवायचाच असेल तर हा अध्याय वाचावा, आणि तो वाचणाऱ्या शिक्षकांनी आपल्या गावात भुकेला कोण आहे हेही मुलांना दाखवावे.

प्रश्न : प्रेषितांच्या विश्वासांगीकारात ख्रिस्त ‘अधोलोकात उतरला’ असे आपण म्हणतो. म्हणजे तो नरकात गेला काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : वर सांगितलेला अधोलोक, म्हणजे मृतांचे स्थान, हाच तेथील अर्थ आहे. ख्रिस्त खरोखर मेला आणि मेलेल्यांमध्ये गेला, हे ते वाक्य सांगते. कॅल्व्हिनने त्याचा संबंध वधस्तंभावरील आत्मिक यातनांशी जोडला. पूर्वेकडील (ऑर्थोडॉक्स) मंडळ्या मात्र त्यात विजय पाहतात. इस्तंबूलच्या एकेकाळच्या खोरा चर्चमधील (आता ती मशीद आहे) चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या भित्तिचित्रात ख्रिस्ताच्या पायांखाली अधोलोकाची मोडलेली दारे आहेत, आजूबाजूला कुलपे व किल्ल्या विखुरल्या आहेत आणि तो आदाम व हव्वा यांना मनगटाला धरून कबरींतून वर ओढत आहे. हात हातात घेतलेला नाही, मनगट धरले आहे. त्यांच्या पकडीवर काहीच अवलंबून नाही.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाने गेल्या वर्षी स्वतःचे जीवन संपवले. दफनविधीच्या वेळी एका नातेवाइकांनी सर्वांसमक्ष, हा सरळ नरकात गेला, असे म्हटले. तेव्हापासून माझी आई चर्चला येत नाही. आम्ही कॅथलिक आहोत. त्यांचे म्हणणे खरे आहे काय?
– एक वाचक, वसई

उत्तर : नाही. तसे म्हणण्याचा अधिकार त्यांना नव्हता, आणि तो कोणालाही नाही. चर्चने हजाराहून अधिक व्यक्तींना संत म्हणून घोषित केले आहे, पण अमुक व्यक्ती नरकात आहे असे आजवर कोणाविषयीही अधिकृतपणे जाहीर केलेले नाही. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यांना दफनविधी नाकारण्याचे कलम होते. १९८३ च्या कायद्यातून ते वगळण्यात आले. धर्मशिक्षणग्रंथाच्या २२८२ व्या परिच्छेदात तीव्र मानसिक विकार, मनस्ताप किंवा भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते असे नमूद आहे, आणि लगेच पुढच्या परिच्छेदात, अशा व्यक्तींच्या तारणाविषयी निराश होऊ नये, केवळ देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, असे लिहिले आहे. हे दोन परिच्छेद आपल्या धर्मगुरूंकडून आईंसाठी मोठ्याने वाचून घ्यावेत. ते घरी येऊन वाचतील, तशी विनंती करा. २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाच्या मिस्सात भावाचे नाव द्यावे. आई अजून चर्चला येऊ शकत नसतील तर त्यांच्यावर दबाव आणू नये. जे वाक्य त्यांनी कबरीपाशी ऐकले ते चुकीचे होते, हे ज्यांनी ते उच्चारले त्यांनीच येऊन सांगितले तर अधिक बरे, आणि ते त्या नातेवाइकांच्या गळी उतरवण्याचे काम आपण धर्मगुरूंवर सोपवावे.