कोर्स संपला तरी हात का चालत नाही

अरे,

तुझा मेसेज वाचला. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचे दोन कोर्स पूर्ण केलेस, सर्टिफिकेटं पण आली, आणि तरी रिकामी फाईल उघडली की पहिली ओळ काय लिहायची तेच सुचत नाही, वर शेवटी तू लिहिलंयस की आता वय झालं बहुतेक. वयाचं नंतर बोलू. आधी हे सांगते की मेहनतीत तू कुठे कमी पडलेला नाहीस. व्हिडिओतला माणूस कोड लिहितो, तू बघतोस, प्रत्येक ओळ समजते, आणि समजलं की वाटतं चला, आलं आपल्याला. पण त्या तासाभरात स्वतःहून काही आठवायची वेळ तुझ्यावर एकदाही आलेली नसते, सगळं समोरच असतं ना.

रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये यावर एक प्रयोग छापला होता, तो तुला माहीत असायलाच हवा. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला, मग काहींनी तोच परत वाचला आणि काहींनी न बघता जेवढा आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तर परत वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्याने तपासलं तर ते ४२ वर घसरलेले आणि आठवून लिहिणारे ५६ वर! म्हणजे लगेच चाचणी घेतली तर जी पद्धत भारी वाटते तीच आठवड्याने मागे पडते, आणि आपण सगळे आपली प्रगती मोजतो ती लगेचच, व्हिडिओ संपल्या संपल्या, म्हणून फसतो.

तर आता असं कर. दहा मिनिटांचा एक भाग बघ, टॅब बंद कर, आणि तोच कोड न बघता लिही. अडशील. अडलास की लगेच परत व्हिडिओकडे जाऊ नकोस, निदान चार-पाच मिनिटं झगड, काहीतरी चुकीचं का होईना लिही, एरर येऊ दे, ती नीट वाच, आणि मगच उत्तर बघ. दुसऱ्या दिवशी तेच परत कोऱ्या फाईलमध्ये, मग चार दिवसांनी, मग दोनेक आठवड्यांनी. मधल्या काळात थोडं विसरायला होईलच, आणि तसं झालेलं चांगलं, कारण विसरत आलेली गोष्ट जोर लावून आठवली की ती जास्त टिकते. आणि एआयला कोड लिहून मागायची सवय शिकायच्या काळात तरी लांब ठेव, आधी तुझा प्रयत्न, मग त्याला विचार की यात काय चुकलंय.

वेळेचं म्हणशील तर रविवारी सलग पाच तास बसण्यापेक्षा रोज एक तास. ब्रिटनमधल्या पोस्टमनना टायपिंग शिकवतानाचा एक जुना अभ्यास आहे, बॅडली आणि लाँगमन यांचा, १९७८ चा. रोज एकच तास शिकणाऱ्यांना एकूण तास सगळ्यात कमी लागले, पण दिवस जास्त गेले, आणि समाधानी सर्वात कमी तेच होते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण तुलाही महिनाभराने असंच वाटणार आहे की आपण रखडतोय, आणि तेव्हाच तू पद्धत बदलशील. बदलू नकोस. सगळे लूप एका दिवशी, सगळी फंक्शन्स दुसऱ्या दिवशी असंही नको, सराव करताना मिसळून घे, म्हणजे कुठे काय वापरायचं हे ठरवायची पण सवय होते.

आता वय. लंडनच्या टॅक्सी ड्रायव्हरना लायसन्ससाठी शहराच्या मध्यभागातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात, तीन-चार वर्षं लागतात त्याला, आणि शिकणारी माणसं सगळी मोठी असतात. वूलेट आणि मॅग्वायर या संशोधकांनी त्यांच्या मेंदूचे स्कॅन प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर काढले, २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. जे पास झाले त्यांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणी आणि जागा लक्षात ठेवायला लागणाऱ्या भागाचा, मागचा भाग वाढलेला दिसला, नापास झालेल्यांमध्ये तसं दिसलं नाही. मोठेपणी मेंदू बदलतो बाबा, खरंच बदलतो. तुझ्याकडे कमी आहे तो वेळ, नोकरी आहे, घर आहे, म्हणून तर म्हणते की असलेला तास नुसता बघण्यात घालवू नकोस.

आणखी एक. तिसरा कोर्स आत्ता घेऊ नकोस, प्लीज. त्याऐवजी स्वतःच्या कामाचं एक छोटं काहीतरी घे, ते ऑफिसातलं महिन्याचं एक्सेल तू हाताने जोडत बसतोस ना, तेच पायथनने करून बघ. त्यात कोर्समध्ये न शिकवलेल्या शंभर अडचणी येतील, तारखा वेगवेगळ्या फॉरमॅटमध्ये असतील, मधेच रिकामे रकाने असतील, आणि खरं शिकणं तिथेच सुरू होईल. पण एकट्याने करत राहिलं की आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत आणि त्याच पक्क्या होतात, म्हणून कोणीतरी बघणारं हवं. पुढच्या रविवारपर्यंत जेवढं झालं असेल तेवढं मला पाठव, अर्धवट चालेल, एररसकट चालेल, फक्त कुठे अडलास आणि तिथे तुला काय वाटत होतं ते दोन ओळीत लिही, मी बघून फोन करते.

ताई